उधळणारा हात आणि वाकणारी पाठ

कागदाचा रोल कसा फेकायचा, म्हणजे तो हवेत उलगडत जाईल?

प्रश्न फालतू वाटेल. संडासात पुसायच्या कागदाचा रोल. तो फेकायचा कुणी, कशाला, आणि चळवळीतल्या पोरांनी त्यावर डोकं का शिणवायचं? आपल्याकडे तर तो वापरतही नाहीत. आपला कारभार पाण्याचा, आणि त्या पाण्यासाठीच आपल्या माणसांना १९२७ साली महाडला जावं लागलं. तरी मी म्हणतो, हा प्रश्न घ्या. नीतीवरची जाडजूड पुस्तकं कपाटात असतात, पण नीती राहते हातात. हात एखादी वस्तू कशी सोडतो एवढं नीट पाहिलं, तरी माणसाची अर्धी जात कळते.

आधी तंत्र सांगतो. मी सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात आहे. दिवसभर उलगडणं आणि गुंडाळणं हाच माझा धंदा. रिंग फ्रेमवरून भरून आलेल्या बॉबिनचं सूत सोडवायचं, कोनावर चढवायचं. गुंडाळलेली वस्तू सुटते कशी, यावर मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे.

पहिली गोष्ट, टोक मोकळं पाहिजे. नव्या रोलचं टोक डिंकानं चिकटवलेलं असतं. ते सोडवून हातभर कागद बाहेर काढावा लागतो, नाहीतर रोल धोंड्यासारखा जातो आणि धोंड्यासारखा पडतो. दुसरी गोष्ट फिरकीची. कागद रोलच्या वरच्या बाजूनं फेकणाऱ्याकडे येत असेल, तर रोलचा माथा फेकणाऱ्याच्या दिशेनं फिरला पाहिजे. खालच्या बाजूनं येत असेल तर बरोबर उलटं. फिरकी चुकली की कागद सुटायच्या ऐवजी आवळतो आणि फाटतो. तिसरी गोष्ट, हिसका द्यायचा नाही. तोडायला सोपं जावं म्हणून रोलवर ठरावीक अंतरानं बारीक भोकांच्या रेघा पाडलेल्या असतात, झटका बसला की तिथंच तुटतं. सुताचं असंच आहे. ताण सारखा ठेवला तर कोसभर जातं, एक हिसका बसला की गाठ मारायची वेळ येते. चौथी गोष्ट, फेक उंच आणि कमानीची. मागं राहिलेल्या शेपटीला हवा धरून ठेवते, पुढं गेलेल्या रोलला त्याचं वजन ओढतं, आणि या दोन ओढींच्या मधे कागद उलगडत जातो. जसजसा उलगडतो तसतसा रोल हलका होतो, शेवटी पुठ्ठ्याची नळी तेवढी उरते.

दिसायला हे सुंदर आहे. मी टोमणा मारत नाही. पांढरी लांबच लांब पट्टी आभाळात चढते, वळते, झाडाच्या फांदीवर अलगद बसते. अमेरिकेत अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथं टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. विद्यापीठाचा संघ जिंकला की हजारो माणसं त्या चौकात जमतात आणि झाडांवर हे रोल फेकतात. झाडं पांढरीफेक होतात. न्यूयॉर्कमध्ये तर त्याच्याही आधीपासून, १८८६ साली स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला तेव्हापासून, शेअरबाजाराचे भाव छापून येणाऱ्या कागदी पट्ट्या ऑफिसांच्या खिडक्यांतून मिरवणुकीवर उधळायची चाल पडली. १९४५ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध संपलं तेव्हा त्या एका शहरात पाच हजार टनांहून जास्त कागद रस्त्यावर पडला.

आता मला सांगा, हे पाच हजार टन उचलले कुणी?

ज्यांनी फेकले त्यांनी तर नाही. झाडूवाल्यांनी उचलले. म्हणजे मघाशी मी जे तंत्र सांगितलं ते अपुरं होतं. टोक, फिरकी, ताण, कमान, या चार पायऱ्या कुणीही सांगेल. पाचवी पायरी उचलण्याची, आणि ती सांगायचं सगळे विसरतात. विसरतात, कारण ती त्यांना करावी लागत नाही. ज्या कामासाठी दुसऱ्याची पाठ ठरलेली असते, ते काम डोळ्याला दिसत नाही. आमच्या खात्यात दिवसभर रुई उडते, धाग्याचे तुकडे पडतात. ते झाडून गोळा होतात, वजन होतं, वेस्ट म्हणून विकलेही जातात. जमिनीवर पडलेल्या रुईचा हिशोब ग्रॅमपर्यंत आहे. झाडणाऱ्या बाईच्या कंबरेचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

अमेरिकेचं राहू द्या, जामखेडला या.

जामखेडचं नाव बाहेर दोन-तीन गोष्टींसाठी निघतं. तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. खर्डा आहे, १७९५ ची मराठ्यांची आणि निजामाची लढाई जिथं झाली ते. आणि जामखेडची कला केंद्रं आहेत, संगीत बारीची थिएटरं. तिथं नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया बहुतेक कोल्हाटी समाजाच्या. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं, तेव्हा त्या उंबऱ्याच्या आतलं आयुष्य वाचणाऱ्यांच्या तोंडावर आलं. त्याआधी बाहेरच्यांना फक्त घुंगरू ऐकू यायचे.

बारीत एक शब्द आहे, दौलतजादा. गाण्याची फर्माईश करायची आणि वर पैसा द्यायचा. जुनी रीत अशी की गिऱ्हाईक नोट दोन बोटांत धरून बसतो, बाई नाचत येते आणि घेते. त्या रकमेचे मग वाटे होतात. थिएटरमालकाचा, ढोलकीवाल्याचा, पेटीवाल्याचा, आणि उरलं ते बाईचं, तिच्या घरातल्या दहा तोंडांचं. या रीतीतही लाचारी आहे, पण निदान हाताला हात दिसतो. दुसरी रीत डान्सबारची. ती आता लग्नाच्या वरातीत दिसते, पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही दिसते. दहाच्या कोऱ्या नोटांचं बंडल घ्यायचं. डाव्या तळव्यावर ठेवायचं. उजव्या तळव्यानं वरची नोट पुढं सरकवत सरकवत सोडायची, म्हणजे एकेक नोट सुटी होऊन भिरभिरत खाली येते. नोटा कोऱ्या पाहिजेत, मळक्या नोटा एकमेकींना चिकटतात आणि गठ्ठ्यानंच पडतात. पाहा, तंत्र तेच. टोक मोकळं, हिसका नाही, उंची पाहिजे. थोडा माल जास्त दिसला पाहिजे. शंभर नोटा एकदम हातात ठेवल्या तर हजार रुपयेच होतात, उधळल्या तर पाऊस होतो. हा फरक पैशाचा नाही. या फरकाची किंमत बाईच्या वाकण्यातून वसूल होते.

आपली मराठी भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. आपण बी पेरतो, फेकत नाही. पाहुण्याला पाणी देतो. कुत्र्याला तुकडा टाकतो. कचरा फेकतो. धोंडा भिरकावतो. आणि गुलाल, भंडारा, पैसा उधळतो. पेरणाऱ्याला ठाऊक असतं की बी कुठं पडलं, तो पुन्हा त्या जागी येणार असतो, खुरपायला, राखायला. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या हातापर्यंत जातो. टाकणाऱ्याचा हात मधेच थांबतो. उधळणाऱ्याचं तर लक्षच दुसरीकडे असतं, तो चार लोक आपल्याकडे बघतायत का ते बघत असतो.

हा मधेच थांबणारा हात आपल्या ओळखीचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तो पिढ्यान् पिढ्या पाहिला. येसकरपाळी असलेला महार संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरायचा आणि भाकरी वरून टाकली जायची, शिवू नये म्हणून. ती भाकरी भीक नव्हती, राबल्याची मजुरी होती. पण वरून टाकली की मजुरीचीसुद्धा भीक होते. १९५८ च्या कायद्यानं ते हलक्या गावकामाचं वतन गेलं, तोवर हे रीतसर चाललं होतं. शाळकरी भीमरावाला नळाला हात लावायची बंदी होती. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आपली थुंकी बाटवणारी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. सुताला हात चालतो, तोंड चालत नाही! म्हणून मी म्हणतो, फेकणं ही नुसती हाताची हालचाल नाही. अस्पृश्यता पाळायचं ते एक हत्यार होतं. स्पर्श न करता व्यवहार पुरा करायचा असेल तर फेकण्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

बुद्धानं हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. अंगुत्तर निकायात, पाच-पाच गोष्टींच्या विभागात, एक छोटं सुत्त आहे. असत्पुरुष दान कसं देतो आणि सत्पुरुष कसं देतो, एवढाच विषय. असत्पुरुषाची पाच लक्षणं सांगितली आहेत. तो आदर न ठेवता देतो, मनापासून देत नाही, स्वतःच्या हातानं देत नाही, टाकून द्यायच्या लायकीचं देतो, आणि पुढं त्याचं काय होईल याचा विचार न करता देतो. सत्पुरुष याच्या बरोबर उलट. ही यादी पुन्हा वाचा. किती दिलं, हा प्रश्न तिच्यात कुठंच नाही. पाचही गोष्टी देण्याच्या रीतीच्या आहेत. शेवटची तर माझ्या प्रश्नाचं मूळच आहे. पुढं काय होईल, म्हणजे हातातून सुटल्यावर काय होईल, कोण वाकेल.

याचं चांगलं उदाहरणही जामखेडलाच आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर जोडपं इथं आलं आणि त्यांनी ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. मोफत औषधाच्या पुड्या गाडीवरून वाटत फिरले असते तरी लोकांनी त्यांना देव म्हटलं असतं. त्यांनी गावातल्याच बायांना, त्यातल्या कितीतरी आपल्या वस्तीतल्या, अक्षरओळख नसलेल्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. विद्या त्यांच्या हातात ठेवली. गावात हातपंप घ्यायचा तर तो दलित वस्तीत घेतला. पाण्यासाठी वस्तीत यायचं, दांडा स्वतःच्या हातानं मारायचा. हातपंपाचं पाणी कुणी वरून ओतत नाही. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो आपल्या जागी, पण मला त्या दांड्याचं मोल जास्त वाटतं. सवर्णाचा हात आणि आपला हात एकाच लोखंडावर पडला.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र सरकारनं २००५ साली डान्सबार बंद केले. बंदीतून तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती, म्हणजे श्रीमंताच्या डोळ्यासमोर नाचलं तर ती कला! हायकोर्टानं २००६ साली ती बंदी उडवली, सुप्रीम कोर्टानं २०१३ साली हायकोर्टाचा निकाल कायम केला. मग सरकारनं २०१६ साली नवा कायदा आणला आणि त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. बाईला बक्षिसी द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर पैसे उधळायचे नाहीत. देणं चालेल, फेकणं चालणार नाही. देशाच्या सर्वोच्च कोर्टानं देणं आणि उधळणं यांत रेघ ओढली. ही रेघ मला पटते. पण कायद्याची पट्टी डान्सबारच्या दारापाशी संपते. आपल्या दाराशी रेघ आपणच ओढायची आहे.

इथं दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप त्या बाईचाच. ती म्हणेल, "भाऊ, तुमचं तत्त्वज्ञान तुमच्यापाशी ठेवा. नोट फेकली काय आन् दिली काय, दुकानदार तेवढंच तेल देतो." तिला उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नाही. १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, वेश्या यांच्यासमोर बोलले. आमच्याबरोबर यायचं असेल तर हे जिणं सोडा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारल्याचं सांगतात, आपल्याच बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून. हा कडकपणा होता, आणि तो चळवळीच्या अब्रूसाठी होता. पण आपल्यातल्या काहींनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. नाचणारीला वाळीत टाकायचं आणि उधळणाऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवर २०२२ साली आख्खा ग्रंथ लिहिला आणि अश्लीलतेचा शिक्का जातीच्या हातून बाईच्या कपाळावर कसा बसतो ते दाखवलं. वाकून उचलणाऱ्या बाईनं आपली लेकरं वाढवली. तिनं मान खाली घालायचं कारण नाही. प्रश्न विचारायचा तो फेकणाऱ्याला, आणि तो फेकणारा आपल्या आळीतला असला तरी विचारायचा.

दुसरा आक्षेप आपल्या पोरांचा, आणि तो मला जास्त छळतो. "आमच्या बापजाद्यांकडं फेकायला होतं काय? जन्मभर वेचलं. सरवा वेचला, कोळसा वेचला, वरातीत ओवाळून टाकलेले पैसे वेचले. आता वर्षातून एक दिवस आमचा. त्या दिवशी आम्ही उधळणार." खरं आहे. ज्याला आयुष्यात कधीच उधळता आलं नाही, त्याला काटकसरीचं कीर्तन सांगणं ही बदमाशी आहे. आनंदाला थोडी उधळमाधळ लागतेच. पोटापुरतं मोजून जगणं हे गुलामाचं जगणं, आणि आपल्याला ते संपवायचंच आहे.

पण दोस्तहो, १४ एप्रिलची मिरवणूक डोळ्यांपुढं आणा. डीजे, लेझर, आणि ती कागद उडवायची यंत्रं. बटण दाबलं की निळ्या-पांढऱ्या कागदाचे हजारो तुकडे वर जातात, उजेडात चमकतात, पोरांच्या केसांवर बसतात. छाती भरून येते. रात्री बारा वाजता मिरवणूक संपते. १५ तारखेला पहाटे पाच वाजता तोच रस्ता झाडायला कोण येतं? कुठल्याही गावात जाऊन पाहा. पाटलाची सून येत नाही. कुलकर्ण्याचा नातू येत नाही. महार, मांग, मेहतर यांच्यातल्याच बाया येतात, बहुतेक कंत्राटावरच्या, पदर तोंडाला बांधून. बाबासाहेबांच्या जयंतीचा कागद बाबासाहेबांच्याच लेकी वाकून उचलतात. नाल्यात गेलेला कागद काढायला आपलाच माणूस आत उतरतो. हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला, आणि गटारात गुदमरून मरणं अजून थांबलेलं नाही.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचं उच्चाटन' मध्ये पेशवाईतलं पुणं दाखवलं आहे. अस्पृश्यानं कंबरेला झाडू बांधायचा, चालताना उमटलेलं आपलंच पाऊल पुसत जायचं. तो झाडू आपण कंबरेचा सोडला. मग आपल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्याच बाईच्या हातात कसा?

यावर कुणी म्हणेल, मग उधळणं बंद करा. मी तसं म्हणत नाही. जपानच्या फुटबॉल संघाचे चाहते १९९८ च्या विश्वचषकापासून एक गोष्ट करतात. सामना चालू असताना ते निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या फुगवून हवेत नाचवतात, बेंबीच्या देठापासून ओरडतात. सामना संपला की त्याच पिशव्यांत स्टेडियममधला कचरा भरून मग घरी जातात. संघ हरला तरी. २०१८ ला रशियात, २०२२ ला कतारमध्ये सगळ्या जगानं ते पाहिलं. त्यांच्या उधळण्याला मी नाव ठेवू शकत नाही, कारण त्यांनी पाचवी पायरी स्वतःच्या अंगावर घेतली आहे. गाडगेबाबाही कीर्तनाआधी गाव झाडायचे. लोक त्यांच्या झाडूच्या पाया पडले आणि तसाच झाडू हातात घ्यायचं टाळत राहिले. ही आपली जुनी लबाडी. ज्याचं काम करायचं नाही त्याचा फोटो लावायचा.

तर माझं म्हणणं एवढंच. एखादी फेक नीतीची की अनीतीची, हे वस्तूवरून ठरत नाही. कागद असो, नोट असो, फूल असो. ते फेकणाऱ्याच्या मनातल्या आनंदावरूनही ठरत नाही, कारण जुलूम करणाऱ्यालाही आनंद होतोच. ते ठरतं उचलणाऱ्यावरून. उचलायला कोण वाकणार हे आधीच जातीनं ठरलेलं असेल, तर ती फेक कितीही सुंदर उलगडो, ती वरून टाकलेली भाकरीच आहे. आणि फेकणाराच वाकणार असेल, तर खुशाल फेका, आभाळभर फेका.

जामखेडच्या, खर्ड्याच्या, जवळ्याच्या मंडळांपुढं साधी गोष्ट ठेवतो. येत्या जयंतीला वर्गणीच्या यादीत डीजेच्या खाली खराटे आणि पोती लिहा. मिरवणूक जिथं संपेल तिथून उलटं फिरायचं, गाणी म्हणतच, आणि रस्ता झाडत निघाल्या ठिकाणी यायचं. अध्यक्षानं पुढं राहायचं. पोरींनाच खराटा धरायला लावायचा नाही, हेही आधीच ठरवून घ्या, कारण ती खोड आपल्यातही आहे. १५ तारखेला पहाटे त्या बाया येतील तेव्हा रस्ता स्वच्छ असेल. त्यांच्यासाठी चहा ठेवा, आणि कप हातात द्या.

जय भीम.